गजभिये चार्ट आणि रिकामी थैली

एडिनबरा,
९ फेब्रुवारी २०२५

आत्या, जयभीम.

पाकीट पाहून तुम्हाला वाटेल, शीलाला भांडायचं आहे. मला भांडायचं नाही. निदान हे वाक्य लिहिताना तरी तसं वाटत नाही. पण माझी शाळा तुमच्या घरात होती तेव्हाचा नियम अजून अंगात आहे: मतभेद तोंडानं नाही, कागदावर. पाकीट बंद करून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला नेऊन द्यायचं आणि उत्तर येईपर्यंत दुसरं काम करायचं. तेव्हा मधे टेबल होतं, आता अर्धा देश आहे.

आमच्या धाकट्याचा, सम्यकचा फोन आला होता. तेरा एप्रिलला, रविवार गाठून, जयंतीच्या कार्यक्रमात नॉटिंगहॅमच्या मंडळानं तुमचा सत्कार ठरवला आहे. (तुम्हाला माहीत नसेल तर मी आत्ता बिंग फोडलं. तसं असेल तर त्याला सांगू नका.) तुमच्या कामाबद्दल एक पान मी लिहून वाचावं असं त्याचं म्हणणं. "दीदी, जस्ट एक पान. सायन्स नको, लोक बोअर होतात. नागपूर टू नॉटिंगहॅम, स्ट्रगल, कांगारू, डन." मी म्हटलं, कांगारू नाही, वॅलबी. तो म्हणाला, सेम थिंग, छोटा कांगारू.

बसले लिहायला. नागपूरहून प्राणिशास्त्र शिकून आलात, इथे पोटाला थैली असलेल्या प्राण्यांच्या जन्मावर आणि वाढीवर पीएच.डी. केलीत, पुढे निवृत्तीपर्यंत त्यातच राहिलात, इथवर नीट झालं. मी शाळेत वर्षभर तोंड उघडलं नाही म्हणून तुम्ही नोकरी अर्धवेळ करून मला घरी शिकवलंत, हे लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग चार्टचं वाक्य आलं: "या देशात वॅलबी पाळणाऱ्या बहुतेक पार्कांच्या भिंतीवर गजभिये चार्ट आहे. थैलीतून पडलेलं पिलू सापडलं की कीपर त्याचं डोकं मोजतो, चार्टवरून वय काढतो आणि वयावरून कुठल्या टप्प्याचं दूध द्यायचं ते ठरवतो." वाक्य खरं आहे. आमच्या पार्कातही चार्ट आहे. तिथला कीपर तुम्हाला कोणी मिस्टर गॅड्सबी समजतो. मी दोनदा सांगितलं, त्याला पटलं नाही.

तिथेच मी अडकले आहे. दोन वर्षं मी इथल्या वॅलबींची पिलं मोजते आहे आणि त्यांची वयं तुमच्या चार्टशी जुळत नाहीत. थोडी नाही, बरीच. माझंच चुकत असणार. चार्ट इतक्या लोकांनी इतकी वर्षं वापरला आहे, आणि माझ्या हातात मोजायचा कॅलिपर येऊन किती दिवस झाले. पण कुठे चुकतंय ते सापडत नाही, आणि ते सापडेपर्यंत वरचं वाक्य मंचावरून वाचायला जीभ रेटणार नाही.

एकच विचारायचं आहे. चार्ट करताना पिलाचा जन्मदिवस तुम्ही कसा ठरवलात? पेपरात नुसतं "जन्मदिवसापासून" असं आहे. कदाचित ते उघडच असेल आणि मलाच कळत नसेल.

पानाचं काय करू तेही सांगा. नाही, ते नका सांगू. सत्कार तुमचाच आहे.

तुमची,
शीला


नॉटिंगहॅम,
१७ फेब्रुवारी

शीला,

सत्काराचं मला ठाऊक आहे. सम्यकनं शालीचा रंग विचारला होता. मी म्हटलं, सत्कार नको. मग जाऊन साडी घेऊन आले.

पत्र दोनदा वाचलं. तुझी अडचण चार्ट आहे असं मला वाटत नाही. तू आता मोठ्या युनिव्हर्सिटीत आहेस. भरल्या हॉलमध्ये "मी शाळेत बोलत नव्हते, मला घरी शिकवलं" हे वाचायला तुला संकोच वाटतो आणि तो तू मोजमापावर ढकलते आहेस. ते वाक्य काढून टाक. मला राग येणार नाही.

आता मोजमाप. डोकं नाकाच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत मोजतेस ना? पिलू कोण धरतं? हात गार असले की पिलू मान आखडतं आणि आकडा लहान येतो. एडिनबऱ्यात हात गार असणारच. आधी हे तपास.

जन्मदिवसाचं विचारलंस. आईच्या थैलीत मोठं पिलू दूध पीत असतं तेव्हा धाकटं तिच्या पोटात मोहरीहून लहान गोळा होऊन थांबलेलं असतं. मोठ्याचं पिणं कमी झालं की धाकटं वाढायला लागतं, आणि मोठ्यानं थैली कायमची सोडली की ते जन्मतं. हे तुला मी तळहातावर मोहरी ठेवून शिकवलं आहे. तेव्हा मोठं बाहेर पडलं तो दिवस हाच धाकट्याचा जन्मदिवस. थैली मी पहिले दोनेक महिने उघडतच नव्हते. राजम्याच्या दाण्याएवढं पिलू, डोळे मिटलेले, अंगावर केस नाही, तोंडानं स्तनाला चिकटलेलं. उघडून बघणाऱ्यांच्या हातून ते गळून पडलेलं मी पाहिलं होतं. माझ्या हातून एकही गेलं नाही. पानावर काही लिहायचंच असेल तर हे लिही.

इथल्या पार्कात मागच्या आठवड्यात एका आईनं पिलू टाकलं. कोणाचा तरी कुत्रा आत शिरला, ती घाबरली. कीपर बेथनं ते कापडी पिशवीत घालून स्वतःच्या पोटाशी बांधलं आहे. तिनं त्याला नावही ठेवलंय. मी पिलूच म्हणते. रोज बसनं जाते. चार्टप्रमाणे दूध चालू आहे. पोट जरा बिघडलं आहे, होईल ठीक.

रेखाला फोन कर. आईपेक्षा आत्याला जास्त लिहितेस असं तिचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे.

आत्या


एडिनबरा,
२ मार्च

आत्या, जयभीम.

त्या वाक्याचा संकोच नाही. उलट सगळ्या पानात तेवढंच वाक्य मला निश्चित खरं वाटतं.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. आधीची तिन्ही नम्र होती आणि मला काय म्हणायचं आहे ते त्यांत कुठेच नव्हतं. काल फोनही केला, तुम्ही "बेथकडे आहे, मग बोलू" म्हणालात, आणि मला बरंच वाटलं, याची आता लाज वाटते. तेव्हा सरळ लिहिते.

चार्ट चुकीचा आहे.

गार हातांनी आकडा लहान येईल. माझे मोठे येतात. चूक मोजण्यात नाही, जन्मदिवसात आहे. तुम्ही लिहिलंत तसं मोठ्या लाल कांगारूंमध्ये होतं: मोठं बाहेर पडलं की एक-दोन दिवसांत धाकटं जन्मतं. आमच्या वॅलबींमध्ये मात्र मोठं गेल्यावर थैली रिकामी राहते. आम्ही दर आठवड्याला आयांना जाळ्यात धरतो आणि पेन्सिलीहून बारीक कॅमेरा थैलीत घालतो. पहिल्या आठवड्यात कोणाच्याच थैलीत काही नाही. पुढे कुणाच्या लवकर, कुणाच्या उशिरा पिलू दिसतं. सरासरी काढली तर चार आठवडे. म्हणजे चार्टवरचं प्रत्येक पिलू खऱ्यापेक्षा महिनाभर मोठं धरलं गेलं आहे. तुम्ही आत डोकावला नाहीत म्हणून ते दिसलं नाही. (हे वाक्य वाईट दिसतं. पण काढलं तर बाकीचं कळत नाही.)

बेथच्या पिशवीतल्या पिलाला त्यामुळे महिनाभर मोठ्या पिलाचं दूध चाललं आहे. ते दूध जास्त स्निग्ध, लहानाला पचत नाही. पोट त्यानंच बिघडलं असेल. दूध बदला. माझं बाकी काही पटलं नाही तरी एवढं करा.

आता मला काही सुचत नाही. माझी इथली नोकरी सप्टेंबरमध्ये संपते. हा पेपर छापून आला तर पुढची मिळेल, नाही आला तर बहुतेक नाही. म्हणजे हे खरं असावं अशी माझी गरज आहे, आणि गरज असलेल्या माणसाला जे दिसतं त्यावर विश्वास ठेवू नये हेही तुम्हीच शिकवलेलं. मी खरंच बघते आहे की मला हवं ते बघते आहे, हे ज्यांना विचारावं त्या तुम्ही, आणि नेमकं तुम्हालाच विचारता येत नाही.

माफी मागायची होती. कशाची, ते ठरत नाही. चार्ट चुकीचा म्हटल्याची मागता येत नाही.

शीला


एडिनबरा,
२० मार्च

आत्या, जयभीम.

उत्तर नाही, म्हणजे काय समजायचं ते मला कळत नाही. आई म्हणते, रविवारी तुम्ही वंदनेला आला नाहीत. तिनं विचारलं तर "कामात आहे" म्हणालात. सम्यक म्हणतो, "आत्या इज फाइन, तिनं मला शालीवरून झापलं." दोघांपैकी कोणाचं खरं धरू?

मी विचार केला. पेपर असा लिहिता येईल की त्यात फक्त एडिनबऱ्याच्या वॅलबी असतील आणि चार्टचं नावच येणार नाही. ज्याला जोडायचं तो जोडेल. किंवा चार्टचा उल्लेख तळटिपेत करता येईल. किंवा तेरा एप्रिल होऊन जाऊ द्यायचा आणि मग पाठवायचा. महिन्याभरानं काय बिघडतं? (बिघडतं. तेवढ्यात कुठेतरी एखादं पिलू पडेल आणि कोणीतरी भिंतीकडे बघेल. हे मला कळतं आहे. तरी लिहिते आहे.)

पानाचा दुसरा खर्डा केला. त्यात चार्ट नाहीच. त्यात तुम्ही नागपूरहून येता, शिकता, शिकवता आणि निवृत्त होता. वाचून पाहिलं. ते कोणाबद्दलही असू शकेल.

एकदा वाटतं, हे तुम्हाला सांगायलाच नको होतं. मग वाटतं, न सांगता तुमच्यासमोर उभी राहून ते पान वाचलं असतं तर तुम्ही मला शिकवलेलं सगळं त्याच वेळी खोटं झालं असतं. दोन्ही बाजूंनी विचार केला की मी जिथून निघते तिथेच येते.

पिलू कसं आहे तेवढं तरी कळवा. बेथचा नंबर माझ्याकडे आहे, पण तुम्हाला डावलून विचारणं बरं दिसेना.

शीला


नॉटिंगहॅम,
२८ मार्च

शीला,

या महिन्यातलं तुझं दुसरं पत्र पहिल्यापेक्षा वाईट आहे.

पहिलं आलं तेव्हा राग आला. राग तुझ्या भाषेचा होता असं म्हणायला मला आवडलं असतं. चार्टचाच होता. इतक्या वर्षांत माझ्या नावावर तेवढं एकच आहे, आणि ते खोडायला बाहेरचं कोणी आलं असतं तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं. तू आलीस, तर दार कुठलं लावू? कोणाशी बोलावंसं वाटेना. रेखा दाराशी डबा ठेवून जात होती. तिनं एकदाही काय झालं ते विचारलं नाही, डब्यात मात्र रोज माझ्या आवडीचं असे. म्हणजे तू तिला सांगितलं आहेस.

दुसऱ्या पत्राचा राग वेगळा. तळटीप. नाव न घेता. तेरा एप्रिलनंतर. माझी म्हातारीची अब्रू राखायला तू जे तीन मार्ग शोधलेस त्यातला एकही मी तुला शिकवलेला नाही. ते तू मोठ्या युनिव्हर्सिटीत शिकलीस का?

दूध मी पत्र मिळालं त्याच दिवशी बदललं. तू बरोबर आहेस म्हणून नाही. पत्र खिशात घालून पार्कात गेले आणि पिलाकडे नीट पाहिलं. कान डोक्याला चिकटलेले, अंगावर लवसुद्धा नाही. चार्ट म्हणतो त्या वयाचं पिलू असं नसतं, हे मला केव्हाही दिसायला हवं होतं. मी रोज त्याला हातात घेत होते आणि बघत मात्र भिंतीकडे होते. पोटाचं बिघडणं आता थांबलं आहे. वजन वाढत नाही, पण घटतही नाही.

आता तुझा कॅमेरा. तू चार्टवर बोट ठेवलंस, तसं मी त्यावर ठेवते. तान्हं पिलू गमावलेल्या आईचं पुढं काय होतं? पोटातला पुढचा गोळा थांबत नाही, वाढतच राहतो, आणि साधारण महिन्यानं दुसरं जन्मतं. तू दर आठवड्याला आईला जाळ्यात धरतेस. ती झटापट करते. राजम्याच्या दाण्याएवढं पिलू गवतात पडलं तर तुला दिसेल? मग तू कॅमेरा घालतेस, थैली रिकामी दिसते, तू लिहितेस "रिकामी". महिन्यानं दुसरं येतं आणि तू लिहितेस "उशिरा जन्मलं".

चार आठवडे ही सरासरी आहे म्हणतेस. सरासरी काढली की एकेक आई दिसेनाशी होते. लवकरवाल्या कोणत्या, उशिरावाल्या कोणत्या, वेगळ्या कर. आणि ज्या तुमच्या जाळ्यात कधीच सापडल्या नाहीत अशा दोन-चार असतीलच; प्रत्येक कळपात असतात. जंत तपासायला लेंड्या गोळा करत असाल ना? त्या फेकल्या नसल्या तर त्यांतलं हार्मोन बघ. जन्माच्या वेळी ते खाली येतं. आईला हात न लावता कळेल.

कदाचित मी बरोबर असेन. मला तसं व्हायला हवं आहे, म्हणून माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस.

आत्या


एडिनबरा,
९ एप्रिल

आत्या, जयभीम.

लेंड्या फेकल्या नव्हत्या. फ्रीजरमध्ये होत्या, प्रत्येक आईच्या नावाच्या पिशवीत. आमच्याकडे हार्मोनचं यंत्र सांभाळणारी मायरा म्हणून मुलगी आहे, तिनं स्वतःचं काम बाजूला ठेवून त्या तपासल्या. निकाल द्यायला ती माझ्या खोलीत आली आणि आधी दार लावून घेतलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

कधीच जाळ्यात न सापडलेल्या आया पाचसहा निघाल्या. त्या सगळ्यांची पिलं मोठं बाहेर पडल्यावर दोन-अडीच आठवड्यांनी जन्मली. म्हणजे चार्ट चुकीचा आहे. पण मी म्हणत होते तेवढा नाही.

आता आमच्या धरलेल्या आया. लवकरवाल्यांचंही तसंच, दोन-अडीच आठवडे. उशिरावाल्यांचं हार्मोन दोनदा खाली आलं आहे. एकदा इतरांसारखं वेळेवर, आणि पुन्हा महिन्यानं. तुम्ही लिहिलंत तसंच. फक्त पहिला जन्म मोठं बाहेर पडलं त्याच दिवशी नाही. त्यांना पिलं झाली होती. ती आमच्या जाळ्यात गेली. मी कॅमेऱ्यात बघून "रिकामी" लिहिलं, आणि ती बहुतेक माझ्या बुटांपाशी होती.

सात. मी नावं काढली आहेत, आयांची. पिलांना नावं नव्हती.

मायरा म्हणाली, असं होतंच, फील्डवर्कमध्ये काही जातात, पेपरात एक ओळ घाल. माझे वरिष्ठही तेच म्हणाले, जरा सभ्य शब्दांत. मला कळत नाही की ते मला धीर देत आहेत की त्यांना खरंच तसं वाटतं. मीच उगाच वाढवते आहे का? लहानपणी मुंगी पायाखाली आली तर मी जेवत नव्हते, तेव्हा तुम्ही रागावायचात. हे तसंच आहे का? मला फरक सांगता येत नाही.

तुमची चूक ही न बघण्याची, माझी बघण्याची. पण तुमच्या हातून काही गेलं नाही. चूक दाखवायला मी निघाले होते आणि नुकसान माझ्याच हातून झालं. अशा माणसानं दुसऱ्याचा चार्ट दुरुस्त करावा का? मी पेपर न पाठवायचं ठरवते आहे. ठरवलं आहे. सप्टेंबरनंतर काहीतरी दुसरं बघेन. कार्डिफला शाळेत सायन्स शिकवायची एक जागा आहे. शाळेत मी, हे हसण्यासारखं आहे, पण मुलं तरी जाळ्यात धरावी लागत नाहीत.

रविवारी येते. पानाचा तिसरा खर्डा केलाय आणि त्यात सगळं आहे, चार्टसुद्धा, आठवडेसुद्धा. वाचू नको असं वाटत असेल तर हॉलच्या दाराशी नुसती मान हलवा. मी पहिला खर्डाही बरोबर ठेवते.

शीला


नॉटिंगहॅम,
१६ एप्रिल

शीला,

तू कार्यक्रम संपताच स्टेशनला पळालीस. ट्रेनचं निमित्त होतं, मला माहीत आहे, नंतर आणखी एक होती. तेव्हा पुढचं मीच सांगते.

मी दाराशी मान हलवली नाही, ते तू पाहिलंस. तुझा आवाज पहिल्या ओळींना निघत नव्हता. सम्यक माइक तुझ्या तोंडाशी आणत राहिला. मग "आत्यांचा चार्ट चुकीचा आहे" हे वाक्य मात्र खणखणीत आलं, आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. तू गोंधळून माझ्याकडे पाहिलंस. सम्यक म्हणतो, लोकांना वाटलं तू कौन्सिलच्या कुठल्यातरी चार्टबद्दल बोलते आहेस. अर्ध्यांना अजून तसंच वाटतं. तीन जणांनी मला येऊन सांगितलं की भाची निर्भीड आहे.

मंडळातल्या सिंधुबाई तेवढ्या नीट ऐकत होत्या. नव्वदीला आल्या, पण कानाचं मशीन नवीन आहे. जेवणाच्या रांगेत मला धरून म्हणाल्या, "काऊन वं सुप्रभा, चुकलं तं चुकलं. पण ते पिशवीतलं लेकरू जगते का नाही, ते पोरीनं सांगितलंच नाही." मी म्हटलं, जगतंय सध्या. कालपासून वजन वाढायला लागलंय. त्या म्हणाल्या, "मग ठीक." आणि भात वाढून घेतला.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस की माझ्या हातून काही गेलं नाही. ते मीच तुला फेब्रुवारीत लिहिलं होतं आणि मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. माझ्या हातून गेलं नाही, कारण मी तिथे नव्हते. पार्कापार्कांत पिलं पडली, लोकांनी भिंतीकडे बघितलं, माझ्यावर भरवसा ठेवून नको ते दूध पाजलं, आणि पिलू गेलं की म्हणाले, नशीब. किती, ते मला कधी कळणार नाही. तुझी सात आहेत. तुला ती मोजता तरी आली.

मुंगीचं विचारलंस. मुंगी पायाखाली आली तेव्हा तू जेवायची नाहीस, पण चालायचीही तशीच, आभाळाकडे बघत. मी रागवायची ते त्यासाठी. आता फरक एवढाच की जाळ्याविना, लेंड्यांवरून कसं बघायचं ते तुला ठाऊक आहे. तुझ्यासारखी आणखी कोणी आज कुठेतरी जाळं टाकून रिकामी थैली बघत असेल. तू पेपर पाठवला नाहीस तर तिला कोण सांगणार? मी तर तिला ओळखतही नाही.

तेव्हा पेपर जाईल. सात पिलं त्यात तळटिपेत नाही, वर येतील. चार्ट चुकीचा आहे हेही वर येईल. आणि त्यावर माझं नाव हवं. माझी चूक दुसऱ्या कोणाच्या नावावर छापून यावी इतकी मी अजून थकले नाही. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. आदर म्हणून मला पहिलं घालशील तर मी तुझ्याशी बोलणार नाही. पेपर झाल्यावर कार्डिफला जायचं तर खुशाल जा. शाळेतल्या मुलांनाही कोणीतरी लागतं.

सगळ्या पार्कांना मी कळवलं आहे की चार्ट उतरवा. काल बेथनं आमच्याकडचा काढला. नवीन केव्हा लावायचा म्हणून विचारत होती. मी सांगितलं, अजून एक हंगाम बघावा लागेल, हात न लावता, लेंड्यांवरून, तोवर पिलाकडे बघूनच ठरव. ती म्हणाली, ते काम कोण करणार? मला हसू आलं.

मंगळवारी दुपारच्या ट्रेननं येते आहे. तुझ्या त्या मायराला फ्रीजरमध्ये जागा करून ठेवायला सांग. माझे गुडघे आता वाकत नाहीत; तेव्हा वेचायचं तू, आणि पिशवीवर आईचं नाव लिहायचं मी.

आत्या